घराण्यातली शुगर: जनुके, इन्सुलिनचा स्राव आणि टाईप २ मधुमेह (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. वीस वर्षांवरील लोकांत मधुमेहाचे प्रमाण देशात ११.४ टक्के निघाले आणि गोव्यात २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत जास्त. पेडण्यापासून काणकोणपर्यंत मधुमेही नाही असे घर शोधावे लागते, त्यामुळे 'आमच्या रक्तातच आहे का?' हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. इथले प्रश्न लोकांनी पाठवलेले आहेत, आधी सोपे आणि मग अडचणीचे. रक्तातल्या शुगरचे सर्व आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या मापात आहेत.

१. आई-बाबा दोघांना शुगर आहे. म्हणजे मला होणारच का?

होणारच असे नाही. एकाला टाईप २ मधुमेह असेल तर मुलाला आयुष्यात कधीतरी तो होण्याची शक्यता साधारण ४० टक्के धरतात. दोघांना असेल तर ७० टक्क्यांच्या आसपास. पण हा आकडा निव्वळ जनुकांचा नाही. एका घरात वाढलेली माणसे एकाच कढईतले खातात, एकाच वेळी जेवतात, सारखीच चालतात किंवा सारखीच बसून राहतात. आईच्या पोटात असताना तिची शुगर वाढलेली असेल तर त्याचाही ठसा मुलावर उमटतो. घराण्यात आहे असे म्हणताना वारसा आणि वळण ही दोन्ही त्यात आलेली असतात.

वारशाने आजार थेट हातात पडत नाही. इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींची ताकद किती, हे बऱ्याच अंशी वारशाने ठरते. ती ताकद पुरेल की नाही, हे पुढच्या आयुष्यात तिच्यावर किती भार पडतो यावर आहे.

२. शुगर वाढते ती इन्सुलिन कमी पडल्याने की शरीर त्याला दाद देत नाही म्हणून? जनुकांचा संबंध कशाशी?

दोन्ही कारणे असतात, पण जनुकांचे पारडे एका बाजूला झुकलेले आहे. पोट सुटले, वय वाढले, झोप कमी झाली, स्टिरॉईड घ्यावी लागली किंवा गर्भ राहिला की स्नायू आणि यकृत इन्सुलिनला कमी दाद देतात. याला इन्सुलिन प्रतिरोध म्हणतात. तो आला की स्वादुपिंडातल्या बीटा पेशी जास्त इन्सुलिन सोडून तूट भरून काढतात. त्या हे करू शकतात तोवर शुगर वाढत नाही.

मे महिन्यातले लग्नघर डोळ्यांसमोर आणा. पाणी दोन्ही घरांत सारखेच उपसले जाते, पण ज्या विहिरीचा झरा दमदार ती पुरते आणि दुसरी तळ दाखवते. उपसा म्हणजे प्रतिरोध, झरा म्हणजे बीटा पेशी. सारख्याच पोटाच्या दोन शेजाऱ्यांपैकी एकालाच शुगर होते ती बहुधा यामुळे.

२००७ पासून हजारो लोकांचे जनुकसंच एकदम तपासणारे अभ्यास सुरू झाले, तेव्हा मधुमेहाशी जोडलेल्या जागा मुख्यतः प्रतिरोधाच्या सापडतील अशी अपेक्षा होती. ओळख पटलेल्या जागांपैकी बहुतेक निघाल्या बीटा पेशीच्या कामाच्या. प्रतिरोधाशी थेट नाते असलेली पीपीएआरजी आणि आयआरएस१ यांसारखी जनुके मोजकीच. एफटीओ हे जनुक वजन वाढवते आणि वजनाच्या वाटेने मधुमेहाकडे नेते. म्हणून 'साखर खाऊन शुगर झाली' किंवा 'जाड म्हणून झाली' ही वाक्ये निम्मीच खरी आहेत.

३. बीटा पेशी इन्सुलिन सोडते कशी?

पायरी पायरीने पाहू, कारण पुढची अर्धी उत्तरे यावर उभी आहेत. जेवणानंतर रक्तातले ग्लुकोज बीटा पेशीत शिरते. तिथे ग्लुकोकायनेज नावाचे विकर त्यावर पहिली प्रक्रिया करते. पेशीचा ग्लुकोज मोजण्याचा काटा तोच. ग्लुकोज जळून ऊर्जा, म्हणजे एटीपी, तयार होते. एटीपी वाढले की पेशीच्या आवरणातले पोटॅशियमचे दार बंद होते, विजेचा भार बदलतो, कॅल्शियमचे दार उघडते, कॅल्शियम आत येते आणि इन्सुलिनने भरलेल्या पुड्या पेशीबाहेर रिकाम्या होतात.

हा स्राव दोन टप्प्यांत होतो. आधीच तयार असलेल्या पुड्या पहिल्या दहा मिनिटांत सुटतात. मग नवा माल येत राहतो तसा दुसरा, संथ टप्पा. मधुमेहाकडे वाटचाल सुरू झाली की पहिला टप्पा आधी मंदावतो. त्याच वेळी यकृताला 'आता ग्लुकोज सोडू नकोस' असा निरोप मिळायचा असतो. तो उशिरा पोचतो, आणि जेवणानंतरची शुगर चढते. उपाशीपोटीचा आकडा मात्र अजून नेहमीसारखा असतो.

आणखी एक दुवा आतड्यातून येतो. अन्न आतड्यात पोचताच जीएलपी-१ आणि जीआयपी ही संप्रेरके सुटतात आणि बीटा पेशीला आगाऊ वर्दी देतात. निरोगी माणसात जेवणानंतर सुटणाऱ्या इन्सुलिनपैकी निम्मे किंवा त्याहून जास्त या वर्दीमुळे सुटते.

४. टीसीएफ७एल२ हे नाव सतत वाचायला मिळते. त्यात एवढे काय आहे?

सर्रास आढळणाऱ्या जनुकीय बदलांपैकी सर्वांत ठळक परिणाम याचा आहे. दहाव्या गुणसूत्रावरच्या या जनुकाचा मधुमेहाशी असलेला संबंध २००६ साली आइसलँडमधल्या अभ्यासातून कळला. पुढच्याच वर्षी पुण्याचे केईएम रुग्णालय आणि हैदराबादची सीसीएमबी ही संस्था यांनी भारतीयांतही तेच दाखवले.

जनुकातल्या एका ठरावीक जागी सी हे अक्षर असते किंवा टी. आपल्याकडे आईकडची एक आणि वडिलांकडची एक अशा दोन प्रती असतात. प्रत्येक टी प्रतीमागे धोका जवळपास दीडपट होतो, दोन्ही प्रती टी असतील तर साधारण दुप्पट. भारतीयांत सुमारे दहापैकी तीन प्रती टी असतात. म्हणजे जवळजवळ निम्म्या लोकांत एक तरी टी असतो. यांतल्या पुष्कळांना कधीच मधुमेह होत नाही.

टी असलेल्यांची बीटा पेशी आतड्याकडून आलेल्या वर्दीला (प्रश्न ३) कमी दाद देते, त्यामुळे जेवणानंतर इन्सुलिन कमी सुटते. प्रतिरोध मात्र वाढत नाही. दमदार झरा आणि कमकुवत झरा यांतला फरक इतका स्वच्छ दुसऱ्या कुठल्याच जनुकात दिसत नाही.

५. बाकी कोणती जनुके इन्सुलिनच्या स्रावाशी जोडलेली आहेत?

यादी लांब आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक विश्लेषणात २५ लाखांहून जास्त लोक होते, त्यांत मधुमेही ४ लाख २८ हजारांवर. ६११ जागांवर १,२८९ स्वतंत्र खुणा मिळाल्या. नीट समजलेली आणि काही शिकवणारी काही जनुके इथे घेतो.

केसीएनजे११ आणि एबीसीसी८ ही दोन जनुके मिळून पोटॅशियमचे ते दार बनवतात. सामान्य बदल असेल तर दार बंद व्हायला थोडे जास्त ग्लुकोज लागते. ग्लिमेपिराईड, ग्लिक्लाझाईड या सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या हेच दार बाहेरून लोटून बंद करतात.

एसएलसी३०ए८ पुडीत जस्त पोचवते. इन्सुलिनचे सहा रेणू जस्ताभोवती बांधून साठवले जातात. इथे एक अनपेक्षित गोष्ट आहे. हे जनुक एका प्रतीत पूर्ण निकामी असलेल्या लोकांना मधुमेहाचा धोका सुमारे ६५ टक्क्यांनी कमी असतो, हे २०१४ साली दिसले. बिघाड म्हणजे नेहमी तोटाच, असे जनुकांत नसते. जस्ताच्या गोळ्या घेण्याशी मात्र याचा काही संबंध नाही. त्या स्वतःहून सुरू करू नका.

सीडीकेएएल१ मध्ये बदल असेल तर इन्सुलिनचा कच्चा माल पक्का होण्यात अडथळा येतो.

एमटीएनआर१बी रात्रीच्या मेलॅटोनिन संप्रेरकाचा ग्राही, म्हणजे त्याचा निरोप पकडणारा पेशीवरचा रेणू, बनवते. यात जी अक्षर असलेल्यांची बीटा पेशी रात्री लवकर मंदावते आणि उपाशीपोटी शुगर थोडी जास्त राहते. उशिरा जेवल्यावर अशा लोकांची शुगर जास्त चढते, हे प्रयोगात दिसले आहे. आपल्याकडे जत्रा, नाटके आणि लग्नाच्या पार्ट्या यांत रात्री अकराला ताट वाढले जाते. ज्यांच्या घराण्यात शुगर आहे त्यांनी जेवण आणि झोप यांत निदान दोन-तीन तास ठेवावेत, मग तपासणी केलेली असो वा नसो.

६. मी सडपातळ आहे, गोड फारसे खात नाही, तरी ४२व्या वर्षी शुगर निघाली. हे कसे?

भारतीयांत हे नेहमीचे आहे. पुण्यातल्या नवजात बालकांच्या अभ्यासाने दाखवले की आपली बाळे युरोपीय बाळांपेक्षा वजनाने बरीच हलकी असली तरी त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने कमी नसते. कमी असतो तो स्नायू. मोठेपणी हीच ठेवण राहते. वजनकाट्यावर ५८ किलो असतात, पण कमरेचा घेर वाढलेला आणि ग्लुकोज साठवणारा स्नायू कमी. त्यात बीटा पेशीचे बळ मुळात कमी असेल तर थोडासा भारही पेलत नाही.

भारतीय रुग्णांची गटवारी करणाऱ्या २०२० सालच्या अभ्यासात, इन्सुलिन फारच कमी सुटते अशा रुग्णांचा एक मोठा गट ठळकपणे वेगळा निघाला. वजन कमी करा हा सल्ला या गटाला अपुरा पडतो. त्यांना स्नायू वाढवणारा व्यायाम, पुरेशी प्रथिने आणि अनेकदा इन्सुलिन लवकर सुरू करणे यांची गरज असते. बारीक माणसात शुगर अचानक फार वाढली, वजन झपाट्याने उतरले, तर आधी टाईप १ किंवा सावकाश येणारा स्वप्रतिकारी (शरीराने आपल्याच पेशींवर हल्ला केल्याने होणारा) मधुमेह नाही ना, हे जीएडी अँटिबॉडीच्या तपासणीने पाहावे.

७. गोव्यात प्रमाण एवढे जास्त, म्हणजे आपली जनुकेच वाईट का?

नाही. जनुके दोन पिढ्यांत बदलत नाहीत, मधुमेहाचे प्रमाण मात्र तेवढ्यात कितीतरी वाढले. सत्तरी तालुक्यातल्या कुळागरात (बागायतीत) राबणारा आजोबा आणि पणजीत दिवसभर खुर्चीवर बसणारा नातू यांची बीटा पेशी एकाच वाणाची असते. बदलला तो तिच्यावरचा भार. गोव्यात वृद्धांचे प्रमाण जास्त, शहरीकरण जास्त आणि उत्पन्नही जास्त. या तिन्हींबरोबर मधुमेह वाढतो. 'आमची जातच शुगरची' असे म्हणून हात टेकणे चूक आहे, आणि ते घातकही ठरते, कारण मग तपासणीच होत नाही.

८. उपाशीपोटी शुगर ९८ आहे. मग निश्चिंत राहू ना?

घराण्यात शुगर असेल तर एवढ्यावर राहू नका. प्रश्न ३ मध्ये सांगितल्याप्रमाणे स्रावाचा पहिला टप्पा आधी जातो, आणि तो दिसतो फक्त ग्लुकोज पोटात गेल्यावर. त्यासाठी ७५ ग्रॅम ग्लुकोजची दोन तासांची तपासणी हवी. ती सोपी आहे, पण बऱ्याचदा चुकीची केली जाते.

तीन दिवस आधीपासून नेहमीचे जेवण ठेवा. दिवसाला किमान १५० ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत. भात-पाव बंद केलेला असताना किंवा उपवासांच्या लागोपाठ ही तपासणी केली तर आकडा खोटा जास्त येतो. आदल्या रात्रीपासून ८ ते १४ तास उपाशी राहा, पाणी चालते. सकाळी पहिले रक्त द्या. मग ग्लुकोज २५० ते ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत प्या. दुकानातली ग्लुकोज पावडर पाणी धरलेली असते, म्हणून ती ७५ नव्हे तर ८२.५ ग्रॅम लागते. लिंबाचे चार थेंब चालतील. वेळ पहिल्या घोटापासून मोजा. दोन तास बसून राहा. बाजारात फेरी मारून येऊ नका, सिगारेट ओढू नका. उलटी झाली तर तपासणी रद्द, दुसऱ्या दिवशी नव्याने.

रक्त करड्या झाकणाच्या, फ्लोराईड असलेल्या नळीत घेतले की नाही, हे विचारायला संकोच करू नका. साध्या नळीत रक्तपेशी ग्लुकोज खातच राहतात आणि दर तासाला आकडा ५ ते ७ टक्क्यांनी उतरतो. उन्हाळ्यात नमुना दूरच्या प्रयोगशाळेत जात असेल तर त्याहून जास्त.

दोन तासांनी १४० च्या खाली असेल तर ठीक. १४० ते १९९ म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था. २०० किंवा वर म्हणजे मधुमेह. उपाशीपोटी १२६ किंवा वर म्हणजेही मधुमेह. लक्षणे नसतील तर एकाच आकड्यावर शिक्का मारत नाहीत, तपासणी पुन्हा करतात.

९. माझ्या बीटा पेशी किती काम करतात, हे मोजता येते का?

ढोबळ येते. उपाशीपोटी ग्लुकोज आणि इन्सुलिन एकाच वेळी मोजून दोन गणिते करतात. होमा-बी म्हणजे स्राव: ३६० गुणिले इन्सुलिन, भागिले (ग्लुकोज वजा ६३). होमा-आयआर म्हणजे प्रतिरोध: इन्सुलिन गुणिले ग्लुकोज, भागिले ४०५. इन्सुलिन मायक्रोयुनिट प्रति मिलिलिटरमध्ये घ्यायचे.

दोघांची शुगर ९५ आहे असे समजा. पहिल्याचे इन्सुलिन ५, तर होमा-बी ५६ आणि प्रतिरोध १.२. दुसऱ्याचे इन्सुलिन १८, तर होमा-बी २०२ आणि प्रतिरोध ४.२. दुसऱ्याचा स्राव भरपूर दिसतो, पण तो प्रतिरोधाला तोंड देण्यासाठी जोर लावतो आहे. पहिल्याचा कमी दिसतो. तो रोज धावणारा असेल तर त्याला एवढेच पुरते, घराण्यात शुगर असलेला बैठ्या कामाचा माणूस असेल तर लक्ष ठेवावे. दोन्ही आकडे शेजारी ठेवूनच वाचायचे. एकटा होमा-बी पाहून घाबरण्यात किंवा खूश होण्यात अर्थ नाही.

इन्सुलिनची इंजेक्शने चालू असतील तर हे गणित लागू नाही. मग सी-पेप्टाईड मोजतात. शरीराने स्वतः केलेल्या प्रत्येक इन्सुलिन रेणूमागे त्याचा एक रेणू सुटतो, इंजेक्शनमधून तो येत नाही. मूत्रपिंडे कमजोर असतील तर सी-पेप्टाईड साचते आणि आकडा फसवतो. रक्तपेशी फुटलेल्या नमुन्यात इन्सुलिनचा आकडा खोटा कमी येतो. अशा नमुन्याचा अहवाल स्वीकारू नका.

१०. एचबीए१सी ५.४ टक्के आहे, पण घरच्या मशीनवर जेवणानंतर २१०. कोणावर विश्वास ठेवू?

आधी हात धुऊन, पुसून मशीनवर पुन्हा मोजा. आंबा किंवा फणस खाल्लेल्या बोटाला लागलेली साखरसुद्धा आकडा चढवते. तरीही तेच आले तर प्रयोगशाळेत प्रश्न ८ मधली तपासणी करा.

एचबीए१सी हे तांबड्या पेशीला चिकटलेले ग्लुकोज. पेशी सुमारे चार महिने जगते हे त्यात गृहीत धरलेले असते. तांबड्या पेशीतल्या जी६पीडी या विकराची कमतरता किंवा थॅलेसेमियाचे वाहक असणे अशा वारशाने आलेल्या गोष्टींत पेशी लवकर मरतात आणि आकडा खोटा कमी येतो. लोह कमी असेल तर उलट, खोटा जास्त. आपल्याकडच्या बायकांत हे पुष्कळ दिसते. मलेरियावर प्रायमाक्विन देण्यापूर्वी जी६पीडी तपासलेले असेल तर तो कागद जपून ठेवा आणि शुगरच्या डॉक्टरांनाही दाखवा. ही कमतरता असलेल्यांना सल्फोनिलयुरिया गोळ्या जपून द्याव्या लागतात.

११. थुंकी पाठवून जनुक चाचणी करून घ्यावी का?

साध्या टाईप २ साठी आमच्या मते नको. शेकडो बदलांची बेरीज करून काढलेला गुण माणसामाणसात थोडाच फरक दाखवतो. वय, कमरेचा घेर, आई-वडिलांची शुगर आणि ग्लुकोजची तपासणी एवढ्याने जे कळते त्यात त्याची भर थोडी पडते. दुसरे, हे गुण मुख्यतः युरोपीय लोकांच्या माहितीवर बेतलेले आहेत आणि भारतीयांवर ते तेवढ्या नेमकेपणाने लागू पडत नाहीत. तिसरे कारण आम्हाला जास्त महत्त्वाचे वाटते. 'कमी धोका' असा कागद हातात आला की माणूस पाच वर्षे रक्त तपासत नाही.

ज्या घरांत एकाच जनुकाचा मधुमेह असण्याची शंका आहे, तिथे चित्र अगदी वेगळे आहे. प्रश्न १५ ते १७ पाहा.

१२. धोक्याचे जनुक असेल तर व्यायाम-पथ्याचा उपयोग होतो का? जन्मजात आहे ना?

होतो, आणि ज्यांना धोका जास्त त्यांना जास्तच दिसतो. अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमात मधुमेहपूर्व अवस्थेतल्या लोकांना ७ टक्के वजन उतरवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालणे एवढे करायला लावले. मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. त्यांचीच टीसीएफ७एल२ जनुके २००६ साली तपासली. काहीच न केलेल्या गटात दोन टी प्रती असलेल्यांना मधुमेह होण्याचे प्रमाण दोन सी प्रती असलेल्यांपेक्षा सुमारे ८० टक्के जास्त होते. चालणाऱ्या-पथ्य करणाऱ्या गटात तो फरक जवळजवळ पुसला गेला.

चेन्नईत झालेल्या भारतीय अभ्यासात घट कमी, २८.५ टक्के, दिसली. तिथले लोक अमेरिकनांपेक्षा बरेच बारीक होते. भार कमी करायला मुळात जागाच कमी. झरा कमकुवत असला तर नुसता उपसा कमी करून थोडाच फायदा मिळतो, तोही सोडू नये.

१३. मग जेवणाचे काय? उकडे तांदूळ चालतात ना?

चालतात, प्रमाण सांभाळून. पहिला टप्पा मंद असलेल्या माणसाने ग्लुकोज रक्तात सावकाश उतरेल असे पाहायचे. उकड्या तांदळातला पिष्टांश उकडून थंड होताना घट्ट होतो, त्यामुळे तो सुरय (न उकडलेल्या) तांदळापेक्षा साधारणपणे सावकाश पचतो. पण त्याच तांदळाची मऊ शिजलेली पेज प्यायली तर हा फायदा बराचसा जातो. शिजलेल्या भाताच्या एका कपात, सुमारे १५० ग्रॅममध्ये, ४५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात. जेवणाला एक कप पुरे. दोनदा-तीनदा वाढून घेण्याची सवय आधी मोडावी लागते.

ताटाचा क्रम बदला. आधी भाजी, तोंडाक (कडधान्याची आमटी), नुस्ते (मासळी), आणि भात-हुमण (माशांची आमटी) शेवटी. पदार्थ तेच ठेवून एवढ्यानेही जेवणानंतरची चढ कमी होते. पोई कोंड्याची असली तर उंड्यापेक्षा बरी, पण वरून कोंडा भुरभुरवलेली आणि आतून मैद्याची पोईही मिळते, मोडून पाहा. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटे चाला. स्नायू हलले की इन्सुलिनशिवायही ग्लुकोज ओढून घेतात, तेवढा भार बीटा पेशीवरून उतरतो. चवथीत नेवऱ्या-पातोळ्या खायच्या असतील तर जेवणातला भात कमी करून खा, संध्याकाळच्या चहाबरोबर वेगळ्या नकोत.

१४. जनुकांप्रमाणे गोळ्या ठरवता येतात का?

नेहमीच्या टाईप २ मध्ये अजून त्या पद्धतीने औषधे ठरवत नाहीत. काही गोष्टी मात्र कळलेल्या आहेत. टीसीएफ७एल२च्या दोन टी प्रती असलेल्यांत सल्फोनिलयुरिया गोळ्या अपुऱ्या पडण्याचे प्रमाण जास्त असते. मेटफॉर्मिनवर फरक पडत नाही. सीवायपी२सी९ या जनुकाच्या मंद प्रती असलेल्यांच्या यकृतात सल्फोनिलयुरिया हळू नाश पावते आणि शुगर एकदम उतरण्याचा धोका वाढतो. घरातल्या वृद्धांना ग्लिमेपिराईडच्या छोट्या मात्रेवर पहाटे घाम फुटत असेल, गोंधळल्यासारखे होत असेल, तर त्याच वेळी शुगर मोजून ठेवा आणि तो आकडा डॉक्टरांना दाखवा. जनुक तपासायची गरज नाही, मात्रा किंवा गोळी बदलता येते. या गोळ्यांवर असताना रिकाम्या पोटी फेणी किंवा उर्राक घेऊ नका. दारू यकृताचे ग्लुकोज सोडणे थांबवते आणि शुगर धोकादायक खाली जाते.

१५. आजी, बाबा आणि आता २३ वर्षांचा भाऊ, तिघेही बारीक, तिघांनाही लहान वयात शुगर. हा टाईप २च का?

इथे जनुक चाचणी जरूर मागा. सलग पिढ्यांत, पंचविशी-तिशीच्या आत, बारीक माणसांत, जीएडी अँटिबॉडी नसताना आणि सी-पेप्टाईड टिकून असताना आलेला मधुमेह एकाच जनुकाचा, म्हणजे मोडी प्रकारचा, असू शकतो. बाधित पालकाकडून प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के.

ग्लुकोकायनेज जनुकातला बदल म्हणजे काटाच थोडा वर सरकलेला. जन्मापासून उपाशीपोटी शुगर १०० ते १४५ च्या दरम्यान, एचबीए१सी साडेसातच्या आसपास किंवा खाली, आणि ग्लुकोज प्यायल्यावरची वाढ बहुधा ५५ पेक्षा कमी. वर्षानुवर्षे आकडा तिथेच राहतो. याला औषध लागत नाही, दिले तरी आकडा हलत नाही. वीस वर्षे फुकट गोळ्या खाल्लेली माणसे यात सापडतात.

एचएनएफ१ए मधला बदल वेगळा. शुगर वर्षागणिक वाढत जाते, डोळे-मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. रक्तातली शुगर फार नसतानाही लघवीत साखर उतरते, ही त्याची खूण. सल्फोनिलयुरियाला हे रुग्ण इतकी जोरात दाद देतात की नेहमीच्या चौथाई मात्रेने सुरुवात करावी लागते. टाईप १ समजून इन्सुलिनवर ठेवलेल्यांपैकी पुष्कळांना गोळीवर आणता येते, पण हे फक्त निदान पक्के झाल्यावर आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. स्वतःहून इन्सुलिन बंद करणे जिवावर बेतू शकते.

भारतात या चाचण्यांचा मोठा अनुभव चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनकडे आहे. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजमध्ये किंवा तुमच्या अंतःस्रावतज्ज्ञांकडे जाताना तीन पिढ्यांचा आराखडा नेल्यास काम सोपे होते: कोणाला, कितव्या वर्षी, तेव्हाचे वजन, सध्याचे औषध.

१६. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मधुमेह असेल तर?

तो टाईप १ क्वचितच असतो. जनुक चाचणी लगेच करायची, वाट पाहायची नाही. बऱ्याच बाळांत केसीएनजे११ किंवा एबीसीसी८ मध्ये तीव्र बदल असतो, पोटॅशियमचे दार उघडेच अडकलेले. २००६ सालच्या अभ्यासात केसीएनजे११चा बदल असलेल्या ४९ पैकी ४४ रुग्णांचे इन्सुलिन बंद होऊन सल्फोनिलयुरियावर भागले. इन्सुलिनच्याच जनुकात बदल असेल तर मात्र इन्सुलिनच लागते.

१७. शुगर फक्त आईच्या बाजूला आहे, आणि तिकडे बऱ्याच जणांना कमी ऐकू येते. संबंध आहे का?

असू शकतो. पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांचे, मायटोकाँड्रियाचे, जनुकद्रव्य केवळ आईकडून येते. त्यातल्या ३२४३ क्रमांकाच्या जागी बदल असेल तर बीटा पेशीला एटीपी पुरत नाही, आणि कानालाही. आईकडून तो सर्व मुलांत उतरतो, वडिलांकडून कोणातच नाही. शंका असेल तर मेटफॉर्मिन सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना हे सांगा, कारण या रुग्णांत ते टाळतात.

नेहमीच्या टाईप २ मध्येही 'कोणाकडून आले' याने कधी कधी फरक पडतो. अकराव्या गुणसूत्रावरचा एक बदल वडिलांकडून आला तर धोका वाढवतो, आईकडून आला तर घटवतो. हे आइसलँडच्या २००९ सालच्या अभ्यासात दिसले.

१८. गरोदरपणात शुगर वाढली होती, बाळंतपणानंतर गेली. आता काही करायला हवे?

हवे. गर्भारपणात प्रतिरोध दुपटीहून जास्त वाढतो. त्यात शुगर वाढली म्हणजे झऱ्याची मर्यादा दिसली. एमटीएनआर१बी आणि सीडीकेएएल१ यांचे बदल अशा बायकांत जास्त आढळतात. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी प्रश्न ८ मधली तपासणी, मग दरवर्षी. बाळाच्या गडबडीत ती बहुतेक वेळा राहूनच जाते. लसीकरणाच्या कार्डावरच तारीख लिहून ठेवा. पुढच्या खेपेला पहिल्याच भेटीत ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी करा आणि ती ठीक आली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा.

एक अपवाद. आईला ग्लुकोकायनेजचा बदल असेल (प्रश्न १५) आणि बाळालाही तो मिळाला असेल, तर बाळाला आईची शुगर योग्यच वाटते. ती उतरवल्यास त्याची वाढ खुंटू शकते. बाळाला मिळाला नसेल तर बाळ जास्त वाढते. त्यामुळे उपचार सोनोग्राफीतल्या पोटाच्या घेरावर ठरवतात.

१९. भावाला दारू आणि पोटदुखीनंतर शुगर झाली. हेही घराण्यातले का?

बहुधा नाही. वारंवारच्या स्वादुपिंडदाहात बीटा पेशीच नष्ट होतात. पुष्कळ, तेलकट शौच आणि उतरणारे वजन ही त्याची लक्षणे. सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडात खडे दिसतात. दारू न पिणाऱ्यांतही असे होते, आणि त्यांच्यापैकी काहींत स्पिंक१ जनुकाचा बदल सापडतो. यांना बहुधा इन्सुलिन आणि जेवणासोबत पाचक विकरांच्या कॅप्सूल लागतात.

२०. मुलांची तपासणी कधीपासून करावी?

आई किंवा बाबांना टाईप २ असेल आणि मूल जाड असेल, मानेवर मखमली काळपटपणा असेल, किंवा आईला त्या गरोदरपणात शुगर होती, तर दहाव्या वर्षापासून किंवा वयात येताना, जे आधी येईल तेव्हा. बारीक, धडधाकट मुलाला लहानपणी दरवर्षी सुया टोचण्याची गरज नाही. पंचविशीत एकदा प्रश्न ८ मधली पूर्ण तपासणी, ठीक आली तर तीन वर्षांनी पुन्हा. प्रश्न १५ मधल्या घरातले मूल असेल तर हा नियम लागू नाही, तिथे पालकाचे जनुक आधी तपासून घ्या.